नंबर मुंबईत, म्हैस गावाला

पशुपालकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जनावर आहे पाटणला, माणला, परभणीला आणि पत्र आलंय मशीद बंदरहून, विक्रोळीहून, चेंबूरहून. मधला दुवा एकच, मोबाइल. म्हणून या वेळी चारा-खुराकाची पत्रं बाजूला ठेवून फक्त फोनविषयीची घेतली आहेत. मी 1983 साली परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले आणि पस्तीस वर्षं गावोगावच्या दवाखान्यांत काढली. त्यातली निम्मी वर्षं तरी मोबाइलशिवायची होती, त्यामुळे फोनचं मोल मला चांगलं कळतं. तो कुठे दगा देतो, तेही पाहिलं आहे.

प्रश्न : मी मशीद बंदरला माथाडी कामगार आहे. गावी, पाटण तालुक्यात, आई-वडील आणि दोन म्हशी. कानात बिल्ले मारले तेव्हा घरी बरा फोन नव्हता, म्हणून माझा नंबर दिला. आता सगळे मेसेज मला येतात. मागच्या वेळी लाळ्या-खुरकुताची लस द्यायला माणसं आली, त्यांनी ओटीपी मागितला. तेव्हा मी पाठीवर गोणी घेऊन ट्रक खाली करत होतो, फोन डब्याच्या पिशवीत. ती माणसं वाट बघून निघून गेली आणि म्हशी लसीवाचून राहिल्या. आता काय करू?

दादा, आधी आजचं काम. वडिलांना उद्या सकाळी दवाखान्यात पाठवा आणि दोन्ही म्हशींना लस मिळेल असं बघा. लाळ्या-खुरकुताच्या लसीचा जोर सहा महिन्यांच्या आसपास टिकतो, म्हणून ती वर्षातून दोनदा असते. एक फेरी चुकली तर मधले महिने म्हैस उघडी पडते. आणि पावसाळ्याआधी घटसर्पाची लसही राहिली असेल तर त्याच खेपेला विचारून घ्या. तुमच्याकडे कोयनेच्या अंगाला पाऊस कसा लागतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं काम नंबर बदलण्याचं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. ते त्या म्हशीचे एकटीचे. देशभरच्या ‘भारत पशुधन’ नोंदीत त्या आकड्यांखाली तिचं वय, वेत, लसी आणि मालकाचं नाव-नंबर असतं. 2022 च्या लंपी त्वचारोगाच्या साथीत ज्यांची जनावरं गेली त्यांना सरकारने दुधाळ गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये दिले. असं संकट पुन्हा आलं तर जनावर तुमचंच होतं हे दाखवायला हीच नोंद कामी येते. तेव्हा बिल्ला तुटला, पडला तर लगेच कळवायचं आणि नंबर बदलला तर तोही. हे दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक करून देतात.

आता नंबर कुणाचा द्यायचा? वडिलांचा द्याल. मला विचाराल तर आईचा द्या. धार कोण काढतं, शेण कोण काढतं, म्हैस वैरणीला तोंड लावत नाही हे आधी कुणाला कळतं? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं आणि नंबर मात्र दुसऱ्याच माणसाचा असतो. ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही, बटणांच्या फोनवरही तो साध्या मेसेजात येतो. आई शाळेत गेली नसेल, पण गावाकडच्या बायकांना फोनवरचे इंग्रजी आकडे ओळखता येतात. लेकाचा नंबर त्या आकड्यांवरूनच तर लावतात. एवढं मात्र बजावून ठेवा की ओटीपी समोर गोठ्यात उभ्या असलेल्या माणसालाच सांगायचा, फोनवरून मागणाऱ्याला कधीही नाही.

तुमच्याकडे राहिलं काय? पहिलं, आईच्या फोनचा रिचार्ज. वैधता संपली की येणारे फोनसुद्धा बंद होतात. गोठ्यात म्हैस अडलेली आणि दवाखान्यातून उलटा फोन लागत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. महिन्याच्या पगाराच्या दिवशी आधी तो रिचार्ज करा. दुसरं, तुम्ही मधले निरोपे होऊ नका. काय होतं बघा. आई तुम्हाला सांगते, म्हैस खाईना. तुम्ही बंदरातून डॉक्टरांना फोन लावता, ‘साहेब, म्हैस आजारी आहे.’ डॉक्टर विचारतात, शेण पातळ की घट्ट? रवंथ करते का? नाकपुडी ओली की कोरडी? तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही पुन्हा आईला लावता, ती तोवर पाण्याला गेलेली. यात तास-दोन तास जातात आणि तेवढ्या वेळात पोटफुगी जनावर घेऊन जाते. त्यापेक्षा दोन फोन एकत्र जोडून द्या, डॉक्टर आणि आई यांचं थेट बोलणं होऊ द्या, आणि तुम्ही गप्प राहून ऐका.

शेजारच्या पोराकडे व्हॉट्सअ‍ॅप असेल तर त्याचीही मदत होते. फक्त म्हशीच्या तोंडाचा फोटो पाठवू नका, सगळे तोच पाठवतात आणि त्यातून फारसं काही कळत नाही. म्हैस डाव्या कुशीकडून दिसेल असा एक, शेणाचा एक, कासेचा एक. उठून चालताना वीस सेकंदांचा व्हिडिओ. आणि थर्मामीटर घरात ठेवा, शे-दीडशे रुपयांत येतो. शेपटीखाली गुदद्वारात दोन मिनिटं धरला की ताप कळतो. म्हशीला 101 ते 102 फॅरनहाइटच्या आसपास असणं बरं. ‘अंग गरम लागतंय’ यावरून फोनवर औषध सांगणं मला कधीच जमलं नाही. ‘एकशे साडेचार’ असं कुणी म्हणालं की मी पुढचं बोलू शकायचे.

आजारी जनावरासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावरून फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते. गाडीत डॉक्टर, मदतनीस आणि चालक असतो. तुमच्या तालुक्याला गाडी आहे का, हे आत्ता, म्हैस धडधाकट असतानाच दवाखान्यात विचारून ठेवा.

प्रश्न : गोरेगावच्या एका तबेल्यात मी हिशेब बघतो. परवा तिसऱ्या वेताची म्हैस तबेल्यातच व्याली आणि दुसऱ्या रात्री बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवून पडली. आमच्या एका भय्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात माणूस मानेच्या शिरेत कॅल्शियमची बाटली सोडतो आणि म्हैस दहा मिनिटांत उठते. शेठ म्हणाले, आपणच करू. डॉक्टर वेळेवर आले म्हणून ते राहिलं. पुढच्या वेळी व्हिडिओ बघून केलं तर चालेल का?

नाही. आणि हे मी जितक्या मोठ्या आवाजात छापता येईल तितक्या मोठ्या आवाजात सांगते आहे.

व्हिडिओ खोटा नसेल. दुग्धज्वरात असंच होतं. नाव ज्वर असलं तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. व्याल्यावर कासेत एकदम दूध उतरतं, त्यासाठी रक्तातलं कॅल्शियम ओढलं जातं आणि स्नायूंना पुरत नाही. बहुधा व्याल्यापासून तीन दिवसांत, तिसऱ्या-चौथ्या वेतापुढच्या भरपूर दूध देणाऱ्या जनावराला. आधी मागचे पाय लटपटतात, मग बसकण, मग मान कुशीकडे. कान हाताला गार लागतात, शेण बंद. शिरेतून कॅल्शियम गेलं की जनावर खरोखर उठून उभं राहतं, मलाही दर वेळी ते पाहून आनंद व्हायचा. पण व्हिडिओत दिसत नाही ते असं : डॉक्टरचा एक हात बाटलीवर आणि दुसऱ्या हातातला स्टेथोस्कोप छातीवर असतो. बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट केलेली असते. थेंब भराभर गेले तर हृदय अडखळतं. ठोका चुकला की बाटली खाली करायची, थांबायचं. हे कानाने ऐकून करायचं काम आहे. ज्याला ठोका ऐकू येत नाही, त्याच्या हातात तीच बाटली म्हैस जागेवर ठार करते.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी. माण तालुक्यात असताना, मोबाइल यायच्या आधी, एका वाडीवरून फोन आला. वाडीतला माणूस सायकलवरून मोठ्या गावात आला होता आणि एसटीडी बूथवरून बोलत होता. गाय फुगलीय म्हणाला. मी दुसरीकडे अडलेल्या गाईकडे निघालेली, घाईत. म्हटलं, गोडेतेल पाजा, मी संध्याकाळी येते. गाय उभी आहे की बसलेली, हे विचारलं नाही. व्याली कधी, हे विचारलं नाही. ती आदल्या दिवशी व्यालेली, दुग्धज्वराने आडवी पडलेली होती. आडव्या पडलेल्या जनावराच्या पोटात वायू धरतोच. त्या अवस्थेत घशाचे स्नायूही सुस्त असतात, जनावराला गिळता येत नाही. तेल पोटात जाण्याऐवजी फुफ्फुसात गेलं. मी पोचले तेव्हा नाकातून तेलाचा फेस येत होता. दोन दिवसांनी गाय गेली. घरच्या म्हातारीने मला दोष दिला नाही, चहा केला. तो चहा कसा होता हे मला आजही आठवतं.

त्या दिवसापासून फोनवर कुणीही, काहीही सांगितलं तरी माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले असायचे : उभी आहे की बसलीय? व्याली कधी? त्याशिवाय मी पुढे सरकायची नाही. समोरचा चिडायचा, ‘मॅडम, औषध सांगा ना.’ चिडू दे. तुमच्या व्हिडिओतला माणूस हे दोन प्रश्न विचारू शकत नाही, कारण तो तुमची म्हैस बघत नाही, तुम्ही त्याला बघता आहात.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते लिहून तबेल्याच्या भिंतीला लावा. म्हशीला एका कुशीवर सपाट पडू द्यायचं नाही. पोत्यांत पेंढा भरून दोन्ही बाजूंनी टेकू द्या, छातीवर बसलेली राहिली पाहिजे. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. अंगावर पोतं टाका. तोंडाने काही म्हणजे काही पाजू नका, पाणीसुद्धा नाही. आणि पुढच्या वेळी, जास्त दुधाची म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. शेठना हे पटवणं जड जाईल. पण एका वेळच्या दोन-चार लिटरपुढे म्हशीची किंमत मांडून दाखवा, हिशेब तर तुम्हीच बघता.

प्रश्न : डॉक्टरताई, मी विक्रोळीला घरकामं करते. आई माण तालुक्यात एकटी असते, अकरा शेळ्या सांभाळते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. अ‍ॅप-बिप तिला जमणार नाही. मग या सगळ्या मोबाइलच्या माहितीचा तिला काय उपयोग?

ताई, माण म्हटल्यावर माझं मन तिकडेच गेलं. उपयोग आहे, आणि साध्या फोनचाच जास्त आहे.

पहिल्यापासून बघितलं तर हे सगळं साध्या फोनवरच सुरू झालं. 2004 मध्ये किसान कॉल सेंटर निघालं. 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. 2007 मध्ये महाराष्ट्रात मराठीतून एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान देणारी सेवा आली, 2013 मध्ये सरकारचे एम-किसानचे मेसेज. त्या काळी माझ्याकडे शेतकरी फोन घेऊन यायचे, ‘मॅडम, बघा काय आलंय.’ बघावं तर पडद्यावर चौकोनच चौकोन. फोनला देवनागरी अक्षरं दाखवता येत नसत. लाख मोलाची माहिती, पण वाचता येईना. आवाजाचं तसं नाही. आवाज आईला कळतो.

म्हणून आईला दोन नंबर तोंडपाठ करून द्या, किंवा तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फोनच्या 2 आणि 3 या बटणांवर बसवून द्या : 2 दाबून धरलं की 1962, 3 दाबून धरलं की कॉल सेंटर. आणि बोलायचं कसं याची एकदा उजळणी करून घ्या. गाव, तालुका, जिल्हा. किती शेळ्या, त्यातल्या किती आजारी. हे ‘किती’ फार महत्त्वाचं आहे. एक शेळी हगवणीने लागली तर ते तिचं दुखणं असेल. पण तीन-चार शेळ्यांना एकदम ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि हगवण असेल तर ते पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा रोग, असू शकतं, आणि मग सगळ्या वाडीच्या कळपाचा प्रश्न आहे. अशा वेळी आईने आजारी शेळ्या वेगळ्या बांधून आधी फोन करायचा, बाजार नंतर. आजारी शेळी घाईने बाजारात नेली की आजार चार गावांत जातो.

बाकीचं काम तुमच्या फोनने होईल. तुमच्या फोनमधल्या कॅलेंडरात आईच्या शेळ्या घाला. मजा नाही करत मी. शेळी बोकडाला लागली ती तारीख आई तुम्हाला फोनवर सांगेल. त्यात 150 दिवस मिळवा, ती विण्याची तारीख. त्याच्या महिनाभर आधी फोन वाजेल, तेव्हा आईला सांगा, आता हिला मूठभर खुराक वाढव. आंत्रविषाराची लस पावसाआधी, दर वर्षी. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं बघायला नको, पण ती कधी दिली होती हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. ते तुमच्या फोनमध्ये राहील. विक्रोळीच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना फोन वाजला आणि माणमधल्या शेळीला लस मिळाली, तर याहून चांगली माहिती सेवा मला तरी माहीत नाही.

आणखी एक. फोनवर कुणी औषधाचं नाव सांगितलं म्हणून आई माणसांच्या मेडिकलमधून गोळी आणेल, तर आणू देऊ नका. डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवणारं औषध जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपली गिधाडं संपली. मी नोकरीला लागले तेव्हा माणच्या माळावर मेल्या बैलाभोवती गिधाडांचा घोळका बसलेला दिसायचा. निवृत्त होईपर्यंत तो माळ मोकळा झाला होता.

प्रश्न : आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात मेसेज फिरतो की लंपी आला आहे, दूध पिऊ नका. खरं काय?

लंपी माणसाला होत नाही. तो गुरांचा विषाणू आहे, गाईबैलांना जास्त, म्हशींना कमी. माश्या, डास, गोचिड यांच्यामार्फत पसरतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेरकडे सुरू झाला आणि राज्यभर पसरला तेव्हाही हाच मेसेज फिरत होता. ज्यांची गाय वाचली होती त्यांच्या दुधालाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना. दूध उकळून प्या, नेहमी पितो तसं. एवढं मात्र खरं की आजारी गाईला प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू असतील तर औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकू नये. तो मेसेज पुढे पाठवण्याआधी, कुणाच्या तरी घरात त्या दुधावर शाळेची फी भरली जाते हे मनात आणा.

प्रश्न : भांडुपला राहतो, गावी वडिलांना मुऱ्हा म्हैस घेऊन द्यायची आहे. मोबाइलवर जाहिरात बघितली, ‘दिवसाला 20 लिटर’, व्हिडिओसकट. 15 हजार आगाऊ भरले. आता फोन उचलत नाहीत.

आधी सायबर गुन्ह्यांच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा, आजच. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

पुढच्या खरेदीसाठी : व्हिडिओतलं दूध कुणी मोजलंय? दोन-तीन वेळचं दूध कासेत तुंबवून एकदम काढलं की बादली भरतेच. स्वतः जा, वडिलांना न्या. संध्याकाळची धार समोर पूर्ण काढून घ्या, ती मोजायची नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळची आणि संध्याकाळची मोजा. रात्री तिथेच मुक्काम करावा लागेल, करा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेऊन आपल्या दवाखान्यात दाखवा, वेत आणि लसी नोंदीत आहेत तशाच मालक सांगतोय का ते ताडून बघा. नोंद तुमच्या नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी 20 वर्षांचा, चेंबूरला अभियांत्रिकी शिकतो. आजोळ परभणी जिल्ह्यात. जनावराचा फोटो काढला की रोग ओळखेल असं अ‍ॅप मला बनवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हे काम तू सोडू नकोस, पण फोटोपासून सुरू करू नकोस.

फोटोत कातडी दिसते. लंपीच्या गाठी दिसतील, त्याही दुसऱ्या कातडीच्या आजारांशी गल्लत होण्यासारख्या. पण गाईने चाऱ्याबरोबर तार गिळली आणि ती पोटातून हृदयाकडे सरकतेय, याचा फोटो काय येणार? ती गाय कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतार उतरायला बघत नाही, बसताना कण्हते. हे बघणाऱ्याने सांगावं लागतं. आणि लाळ गाळणाऱ्या जनावराचा फोटो आला तर तुझ्या अ‍ॅपने पहिलं वाक्य हेच दाखवलं पाहिजे : तोंडात हात घालू नका. घशात काही अडकलं असेल म्हणून हात घालतात, आणि ती रेबीज असते.

म्हणून शब्दांपासून सुरू कर. आजोळी जा, आजीजवळ बस आणि वही काढ. पुस्तकात कासदाह आहे, गोठ्यात ‘दगडी’ म्हणतात. पुस्तकात वारंवार माजावर येणं आहे, बाई म्हणते ‘गाय उलटते’. वार अडकली, अंग बाहेर आलं, दूध चोरते, माज दाखवत नाही. परभणीला एक शब्द, साताऱ्याला दुसरा, कोकणात तिसरा. तुझ्या अ‍ॅपला ‘कासदाह’ कळलं आणि ‘दगडी’ कळलं नाही तर ते अ‍ॅप परळच्या वर्गात चालेल, गोठ्यात चालणार नाही. 2020 मध्ये आलेलं ई-गोपाला उघडून बघ. त्यात खुराकाचा हिशेब आहे, रेतनाची माहिती आहे, मेहनतीने केलेलं काम आहे. ते आजीच्या हातात दे आणि ती कुठे थांबते ते टिपून घे. तिला काही समजावू नकोस, नुसतं बघ.

मग पत्र्याच्या गोठ्यात रेंज किती येते ते बघ. नसेल तर तिचं बोलणं फोनमध्ये साठून राहिलं पाहिजे आणि रेंज आली की आपोआप गेलं पाहिजे. आणि गेलं पाहिजे माणसाकडे, दवाखान्यातल्या डॉक्टरकडे. बिल्ल्याचा नंबर, व्याली कधी, उभी की बसलेली, एवढं आधी भरून. ज्या दिवशी डॉक्टरला हे तीन तपशील न विचारता मिळतील, त्या दिवशी तू त्याची दहा मिनिटं वाचवलीस. माण तालुक्यातल्या त्या एका फोनवर मला तेवढे मिळाले असते तर एक गाय वाचली असती.

आणि पहाटेची धार काढताना तुझ्या आजीचे हात बघ. बोटं दुधाने, पाण्याने ओली. त्या बोटांना काचेचा पडदा दाद देत नाही. ती पदराला हात पुसते, पुन्हा दाबते, पुन्हा नाही लागत, मग फोन कोनाड्यात ठेवून देते. तुझं बटण तिच्या ओल्या बोटाला लागलं पाहिजे, नाहीतर दाबायची गरजच पडता कामा नये, नुसतं बोललं की पुरे. पहिला नमुना तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर कळव. मी परळलाच असते. पहाटे साडेचारची लोकल पकडून आपण गोरेगावच्या तबेल्यात जाऊ. तिथे धारेच्या वेळी तो एकाच्या हातात देऊन बघू.